बाबांचा वेल्समधला किल्ला

गेल्या महिन्यात ठाण्याला गेलो होतो तेव्हा आईने माळा आवरायला काढला. ज्यांच्या घरात रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस राहून गेलाय त्यांना माळा आवरणं म्हणजे काय ते कळेल. चाळीस वर्षांची वेळापत्रकं, तीन निकामी बॅटऱ्या, सुतळीने बांधलेली पाकिटं, आणि प्रत्येक पाकिटावर आत काय आहे ते व्यवस्थित लिहिलेलं. त्यात बाबांचा फोटोंचा अल्बम निघाला. 'इंग्लंड प्रवास' असं वर लिहून मग 'इंग्लंड' खोडून 'वेल्स' केलेलं. (हे मीच करायला लावलं होतं. वेल्समध्ये राहून इंग्लंड म्हटलेलं चालत नाही, असं त्यांना दहा वेळा सांगितलं होतं.)

त्यात एक फोटो आहे. हिरव्यागार टेकाडावर बाबा उभे आहेत. जून महिना, पण डोक्यावर कानटोपी. हात मागे बांधलेले, जणू यार्डाची पाहणी करायला आलेत. मागे मेंढ्या. हा फोटो मी काढला होता. त्याच्याखाली बाबांनी काय लिहिलंय ते त्या दिवशी पहिल्यांदाच वाचलं. ते सांगतोच, पण आधी त्या टेकाडाची गोष्ट सांगायला हवी.

२००७ साली मी कार्डिफला नोकरीला होतो आणि आई-बाबा सहा आठवड्यांसाठी आले होते. आईला बागा आवडल्या, दुकानं आवडली, लोक रस्त्यात ओळख नसताना हवामानाबद्दल बोलतात हे तर फारच आवडलं. बाबांचा प्रश्न वेगळा होता. तरुणपणी त्यांनी राजमाची, हरिश्चंद्रगड, नाणेघाट सगळं पायी पालथं घातलेलं. त्यांना किल्ले बघायचे होते. वेल्समध्ये किल्ल्यांना तोटा नाही, म्हणून मी आधी त्यांना घराजवळचाच कार्डिफचा किल्ला दाखवायला नेलं. रोमन लोकांच्या जुन्या तटबंदीच्या आत नॉर्मन लोकांनी मातीचा एक मोठा ढीग रचला आणि त्यावर पुढे बारा बाजूंचा दगडी बुरूज चढवला. विल्यम द काँकररचा थोरला मुलगा रॉबर्ट कैदेत असताना याच किल्ल्यात ११३४ साली वारला, वगैरे मी सांगत होतो. बाबा बुरुजाकडे बघत म्हणाले, "पाण्याची टाकी कुठे आहेत?"

सह्याद्रीत फिरलेल्या माणसाचा पहिला प्रश्न हाच असतो, नाही का?

मग मी घरी येऊन दोन पुस्तिका वाचल्या आणि (इथेच सगळी भानगड सुरू झाली) त्या विषयातला जाणकार झालो. या मातीच्या ढिगाला म्हणतात मॉट. १०६६ नंतर नॉर्मन सरदार जिथे जिथे घुसले तिथे त्यांनी हे उभारले. गोल खंदक खणायचा, निघालेली माती मधोमध टाकत जायची, दाबायची, वर सपाटी करून लाकडी मनोरा ठोकायचा. खाली शेजारी कुंपण घातलेलं मोठं आवार, त्याला बेली म्हणायचं. तिथे घोडे, कोठारं, माणसं. गवंडी नको, चुना नको, दगड नको. गावातली माणसं वेठीला धरली की काम झालं. बायू इथल्या प्रसिद्ध भरतकामात हेस्टिंग्जला असा ढीग रचणारे फावडेवाले दाखवले आहेत. पुढे वेल्सच्या राजांनीही ही युक्ती उचलली, त्यामुळे तिकडे डोंगराळ भागातसुद्धा नदीच्या वळणावर, खिंडीच्या तोंडाशी असे ढीग दिसतात. लाकूड कधीच कुजून गेलं. आता उरलंय ते गवत आणि त्याखालची माती.

बाबांना ही कल्पना पटली. "म्हणजे आपली गढीच की," म्हणाले.

पुढच्या शनिवारी आम्ही हे-ऑन-वायला गेलो, जुन्या पुस्तकांच्या दुकानांचं गाव. आई बाहेर बाकावर ऊन खात बसली आणि बाबांनी एका दुकानात तास घालवून एक जुना, इंचाला एक मैल प्रमाणाचा नकाशा घेतला. इकडच्या नकाशांवर मध्ययुगीन जागांची नावं जुन्या वळणाच्या जाड टोकदार अक्षरांत छापतात. बाबांनी चष्मा वर करून ती शोधायला सुरुवात केली आणि एकदम मोठ्याने वाचलं, "मोट! अरे, इथे मोट आहे." मग माझ्याकडे बघून, "बैल कुठायत?" आई इतकी हसली की शेजारच्या बाकावरच्या बाई आमच्याकडे बघायला लागल्या. त्या दिवसापासून आमच्या घरात मॉट नाही, मोटच.

हे गावातच सेंट मेरीच्या चर्चजवळ एक खरीखुरी मॉट आहे. ती बघितली. पण बाबांना नकाशावरची ती दुसरी हवी होती, वाय नदीच्या खोऱ्यात थोडं आडबाजूला, जिथे कुणी जात नाही. (नाव सांगत नाही. खासगी कुरण आहे, आणि आता तिथे बघण्यासारखं काही नाही असं तुम्हाला पुढे कळेलच.) माझ्या गाडीतल्या नव्या नकाशावर त्या ठिकाणी काहीच छापलेलं नव्हतं. मी म्हटलं, नव्या नकाशात गर्दी होते म्हणून गाळलं असेल.

शेतकरी सत्तरीचा असेल. फाटकाशी आला, बाबांच्या कानटोपीकडे बघितलं आणि परवानगी दिली. किल्ला ना? हो, त्याचे आजोबाही त्याला किल्लाच म्हणत. लहानपणी बर्फ पडलं की ते सगळे त्यावरून घसरायचे. फाटक मात्र लावून घ्या म्हणाला.

टेकाड फार उंच नव्हतं. दोन मजली चाळीइतकं. एका बाजूने चढ, दुसऱ्या बाजूने हळूहळू उतरत गेलेलं. बाबा वर चढले, मग खाली उतरून त्यांनी पावलांनी लांबी-रुंदी मोजली. लांबी जास्त, रुंदी कमी. मग पूर्ण फेरी मारून आले आणि म्हणाले, "खंदक कुठे आहे रे?"

मी म्हटलं, "बुजला असेल बाबा. नऊशे वर्षं झाली."

"पूर्ण? चारी बाजूंनी? मनोरा उभा करायला वर सपाटीही नाही. पाठ बघ कशी गोल आहे."

"झिजली असेल. मेंढ्या, पाऊस..."

"आणि ते बेली का काय ते?"

मी समोरच्या कुरणातला एक उंचवटा दाखवला. तो उंचवटा म्हणजे काय होतं हे आजही मला माहीत नाही. कदाचित शेणखताचा जुना ढीग असेल. बाबांनी माझ्याकडे बघितलं, परत टेकाडाकडे बघितलं आणि म्हणाले, "असेल. तू वाचलंयस." मग वर जाऊन उभे राहिले आणि मी फोटो काढला.

ठाण्याला परत गेल्यावर तो किल्ला बाबांचा झाला. तलावपाळीवर सकाळी फिरणाऱ्या मंडळींना त्यांनी तो सांगितला. त्या वर्षीच्या गणपतीत सोसायटीत 'वेल्समधील मातीचे किल्ले' या विषयावर पंधरा मिनिटं बोलले, फळ्यावर आकृती काढून. कार्डिफचा बारा बाजूंचा बुरूज शेवटी दोन वाक्यांत आटोपला म्हणे. मुख्य भर आमच्या टेकाडावर.

२००९ साली मी एकदा असंच रात्री इंटरनेटवर बसलो होतो. वेल्सच्या ऐतिहासिक वास्तूंची नोंद ठेवणारा जो रॉयल कमिशन नावाचा विभाग आहे, त्यांचं कॉव्लाइन म्हणून संकेतस्थळ आहे. (वेल्श भाषेत 'कोव्ह' म्हणजे आठवण. नाव छान आहे.) तिथे सहज आमच्या खोऱ्यातल्या जागा बघायला लागलो. टेकाड सापडलं. दोन-तीन ओळींची नोंद. पूर्वी मॉट समजलेला हा उंचवटा नैसर्गिक आहे. संपलं.

मग मी पुढचं वाचत गेलो. गेल्या हिमयुगात, साधारण वीस हजार वर्षांपूर्वीपर्यंत, मध्य वेल्सच्या डोंगरांवर बर्फाची भलीमोठी टोपी होती आणि तिच्यातून हिमनद्या खोऱ्यांत उतरत होत्या. वाय नदीचं खोरं त्यातलंच एक. ते बर्फ सरकताना खाली गोटे, वाळू, चिखल फरपटत नेतं, कुठे त्याच ओल्या चिखलाला लांबट, पालथ्या होडीसारखा आकार देतं. आणि वितळायला लागलं की भेगांमधून, कडांवरून वाहणारं पाणी वाळू-गोट्यांचे ढीग टाकून जातं. बर्फ गेलं की ढीग एकटेच उभे राहतात, सपाट कुरणाच्या मधोमध, कुणीतरी मुद्दाम आणून ठेवल्यासारखे. तिवी नदीच्या मुखाजवळ कार्डिगनला क्रीग मॉर नावाची शंकूसारखी टेकडी आहे, तीही अशीच वितळत्या बर्फाने टाकलेल्या वाळू-गोट्यांची. नावाचा अर्थच मोठा ढीग. ११३६ साली तिथे वेल्श फौजांनी नॉर्मनांचा पराभव केला. पुढे ११८८ मध्ये त्या बाजूने गेलेल्या गेराल्ड नावाच्या धर्मगुरूने लिहून ठेवलंय की तिच्यावर एक थडगं आहे, ते त्यात आडवं होणाऱ्या कुठल्याही माणसाच्या उंचीचं होतं. लोकांना अशा ढिगात काहीतरी दिसतंच.

माणसाने रचलेला ढीग आणि बर्फाने टाकलेला ढीग यातला फरक वरून कळणं सोपं नाही. खाली खणलं तर कळतो. रचलेल्या ढिगात टोपल्या-टोपल्यांनी ओतलेल्या मातीचे तिरके थर दिसतात आणि तळाशी मूळ जमिनीचं गवत दबून काळी रेघ झालेली असते. बर्फाच्या ढिगात ती रेघ नसते, कारण त्याच्याआधी तिथे कुरणच नव्हतं. न खणता बघायच्या खुणा म्हणजे खंदक नसणं, माथा सपाट नसणं, आकार लांबट असणं आणि आसपास तशीच आणखी टेकाडं असणं.

म्हणजे बाबांनी पंधरा मिनिटांत जे विचारलं होतं तेच.

पण त्या रात्री मला हे सुचलं नाही. मला सुचली ती गंमत. रविवारी फोन केला आणि पहिलं वाक्य हेच, "बाबा, तुमचा किल्ला गेला!" आणि मग हसत हसत सगळं सांगितलं. बर्फ, वाळू, गोटे, नोंद. तुम्ही सोसायटीत भाषण ठोकलंत ते हिमनदीवर होतं, असंही म्हणालो. तिकडून थोडा वेळ काही आवाज नाही. मग "असं होय," म्हणाले. "बरं, आईला देतो."

'तुमचा किल्ला' म्हणालो मी. खंदक बुजला, माथा झिजला, समोर बेली आहे, हे सगळं सांगून त्यांना तो किल्ला मीच दिला होता. ही गोष्ट माझ्या डोक्यात यायला फार उशीर लागला. बाबा २०१६ साली गेले. त्या सात वर्षांत त्यांनी तो विषय कधी काढला नाही आणि मीही नाही.

या चुका हसण्यासारख्या नसतात हेही मला नंतरच कळलं. डेव्हिड कॅथकार्ट किंग नावाच्या संशोधकाने इंग्लंड-वेल्समधल्या किल्ल्यांची दोन खंडांची यादी १९८३ साली छापली. त्यात खऱ्या किल्ल्यांबरोबर 'असू शकेल' आणि 'नाही' अशाही याद्या आहेत. आधीच्या कुणीतरी किल्ला म्हटलेलं पण किंग यांनी नाकारलेलं असं बरंच काही. हा नाकारलेल्यांचा भाग मला सगळ्यात आवडतो. एरवी कोण छापतं हे? आणि उलटंही होतं. इंग्लंडमध्ये मार्लबरोला एका शाळेच्या आवारात मोठा ढीग आहे, त्यावर नॉर्मन किल्ला होता म्हणून तो नॉर्मनांचाच धरत. त्यात नळ्या घालून माती काढली आणि २०११ साली कळलं की तो ढीग इसवीसनापूर्वी सुमारे २४०० सालचा आहे. तिकडे माँटगोमेरीजवळ हेन डोमेन म्हणून मॉट आहे. वेल्शमध्ये नावाचा अर्थ 'जुना ढीग', आणि याच तोमेन शब्दाचा एक अर्थ उकिरडा! तिथे १९६० ते १९९२ अशी तीस वर्षांवर लोकांनी खुरपी-ब्रशने माती काढली तेव्हा कुठे लाकडी घरांचा, कुंपणांचा माग लागला. वरून तेही टेकाडच.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते.

हे ढीग कुणी रचले यावर एकोणिसाव्या शतकात मोठा वाद होता. त्या काळचा किल्ल्यांवरचा सगळ्यात मोठा अधिकारी म्हणजे जॉर्ज थॉमस क्लार्क. दक्षिण वेल्समधल्या डाऊलाइस इथल्या लोखंडाच्या कारखान्याचा कारभार तो बघायचा आणि उरलेल्या वेळात किल्ले मोजायचा. १८८४ साली त्याचं दोन खंडांचं पुस्तक आलं. त्यात त्याने सांगितलं की हे ढीग नॉर्मनांचे नव्हेत, त्याआधीच्या सॅक्सन लोकांचे. जुन्या बखरीत राजाराण्यांनी 'बर्ह' बांधल्याचे उल्लेख आहेत, ते हेच. एवढा मोठा माणूस म्हणतोय म्हटल्यावर बरेच दिवस सगळ्यांनी मान डोलावली. मग एला आर्मिटेज नावाच्या बाईंनी एकेक जागा तपासून १९१२ साली पुस्तक लिहिलं आणि दाखवून दिलं की बर्ह म्हणजे तटबंदीची गावं, सगळ्यांसाठी. ढीग मात्र एकट्या सरदाराचे, आणि ते नॉर्मन गेले तिथेच सापडतात. क्लार्क चुकला होता. तोवर तो वारून चौदा वर्षं झाली होती.

हे मी २०१८ मध्ये वाचत होतो. कुतूहल म्हणून या क्लार्कचं चरित्र शोधलं. जन्म १८०९. व्यवसायाने इंजिनिअर. १८४३ च्या सुमारास सरकारी कामासाठी हिंदुस्थानात. मुंबईचं सांडपाणी आणि मिठाचा व्यापार यावर अहवाल. मुंबई ते ठाणे रेल्वे व्हावी म्हणून आग्रह धरणारा. मुख्य इंजिनिअरचं पद देऊ केलं ते हवा मानवणार नाही म्हणून नाकारलं.

मी खुर्चीतून उठलोच.

तुम्ही ठाणे-मुंबई लोकलने लहानपणी रेल्वेवाल्या वडिलांबरोबर गेला असाल तर तुम्हालाही हे ऐकवलं गेलं असेल. भांडुप आलं की बाबा दरवेळी, अगदी दरवेळी, खिडकीकडे बोट दाखवून म्हणायचे, "इथे क्लार्कसाहेबाला रेल्वे सुचली. अठराशे त्रेचाळीस." १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी सुटली, चौदा डबे, चारशे माणसं, हे पुढचं सगळ्यांना पाठ असतं. पण बाबांचा जीव त्या आधीच्या भांडुपच्या क्लार्कवर. नाना शंकरशेटांच्या खालोखाल मान. आम्ही भावंडं भांडुप यायच्या आधीच ते वाक्य म्हणून टाकायचो आणि ते रागवायचे नाहीत.

तर बाबांचा तो क्लार्कसाहेब आणि वेल्सच्या ढिगांबद्दल चुकलेला क्लार्क, एकच माणूस. बाबा त्याच्या गावापासून तासाभराच्या अंतरावर सहा आठवडे राहिले आणि त्यांना हे कळलं नाही. मलाच माहीत नव्हतं तर सांगणार कोण? आणि मनात आलं की रविवारच्या त्या फोनवर मला हे माहीत असतं तर मी "बाबा, ढिगांच्या बाबतीत क्लार्कसाहेबसुद्धा चुकला होता" असं म्हणालो असतो. त्यांनी लगेच विचारलं असतं, कुठला क्लार्क? आणि मग तो फोन तासभर चालला असता, आई मागून "बिल येईल, ठेवा आता" म्हणत राहिली असती.

असो. फोटोखालचं लिखाण सांगायचं राहिलंय.

निळ्या शाईत, बाबांच्या उभ्या सरळ अक्षरात: 'मोट (मातीचा किल्ला), वाय नदीचे खोरे, वेल्स. जून २००७. उंची अं. २० फूट. लांबी ६२ पावले, रुंदी ३५. पाण्याची सोय नाही.'

त्यातल्या 'मातीचा किल्ला' वर पेन्सिलची एक बारीक रेघ. पट्टीने मारलेली. आणि खाली पेन्सिलनेच: 'किल्ला नव्हे. हिमनदीने टाकलेला ढीग. चि. कडून फोनवर कळले. खंदक नव्हताच.' पुढे तारीख. मी नंतर कॅलेंडर काढून बघितलं, तो रविवारच होता.

नकाशाही अल्बमच्या शेवटच्या कप्प्यात घडी करून ठेवलेला होता. त्यावर बाबांनी काही खोडलेलं नाही.

मी माळ्याच्या शिडीवरच बसून आईला क्लार्कचं सगळं सांगितलं. तिचे हात धुळीने भरलेले, तशीच ती ऐकत उभी राहिली.

"भांडुपचा क्लार्क?" तिने विचारलं.

"हो, तोच."

"आणि तो चुकला होता?"

"ढिगांच्या बाबतीत. रेल्वेच्या नाही."

"ह्यांना आवडलं असतं," म्हणाली. मग अल्बम माझ्या हातून घेऊन पदराने पुसला आणि तो परत माळ्यावर न ठेवता बाहेर टीपॉयवर नेऊन ठेवला.